जिन्याखालची मोकळी जागा

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या नगरपालिकेतून एक दुमजली इमारत नाहीशी झाली. म्हणजे विटा, जिना, गच्चीवरची टाकी सगळं बस स्टँडच्या मागं जागेवरच होतं. नाहीशी झाली ती इमारतीची फाइल. पण कचेरीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे, फाइल गेली की इमारत असून नसल्यासारखीच.

साल १९९७. गाव जालना जिल्ह्यातलं, भोकरदनच्या गाड्या तिथं थांबतात. याहून जास्त पत्ता मी देणार नाही, कारण या गोष्टीत एक माणूस असा आहे ज्याला कुणी शोधत येऊ नये असं मला वाटतं. मी त्या नगरपालिकेचा वकील. फी बेताची, चहा मात्र मागाल तेवढा.

"वकीलसाहेब, दार लावून घ्या," मुख्याधिकारी म्हणाले. साहेब तरुण होते, आमच्याकडे येऊन चार महिने झाले होते आणि घाबरले की टेबलावरचा पेपरवेट फिरवायचे. त्या दिवशी पेपरवेट भिंगरीसारखा फिरत होता.

फाइल होती किशनलाल बिल्डिंगची. किशनलाल शेठ वारले होते. मालक आता त्यांचा थोरला मुलगा गौतमचंद, बियाण्यांचा व्यापारी. इमारतीत अकरा खोल्या आणि वर्षानुवर्षांचे भाडेकरू. भावांच्या वाटण्या करायच्या म्हणून गौतमचंदला ती खोली-खोलीनं विकायची होती. 'ओनरशिप' हा शब्द तेव्हा जालन्याहून आमच्याकडे नुकताच आला होता आणि नव्या सुनेसारखं त्याचं कौतुक चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं ठराव केला होता. भाड्याच्या इमारतीचे ओनरशिपचे गाळे करायचे असतील, तर आधी आमची परवानगी घ्या. त्यावर गौतमचंदच्या जालन्याच्या वकिलानं नोटीस धाडली की घर कुणी कुणाला विकावं हे सांगण्याचा नगरपालिकेला अधिकार नाही. मी उत्तर लिहिलं होतं, "मालकीत आम्ही पडत नाही. पण जिना केवढा, नळ किती, संडास किती आणि आज आत राहतं कोण, हे पाहिल्याशिवाय एका घराची अकरा घरं होऊ देणार नाही." ते पत्र मला फार आवडलं होतं. त्याची प्रतही त्याच फाइलीत गेली.

"नवीन फाइल करू," मी म्हणालो.

"कशावरून करणार? ओव्हरसियरनं जागा पाहून जो अहवाल लिहिला तो एकाच प्रतीत होता, आणि ओव्हरसियरची बदली होऊन ते कोकणात गेलेत. अहवालाशिवाय नकार दिला तर कोर्टात टिकेल का?"

टिकला नसता. आणि वेळही नव्हता. कायद्यात एक कलम आहे. अर्ज आल्यापासून साठ दिवसांत नगरपालिकेनं हो किंवा नाही काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. इतर कामांत फाइल हरवली की काम अडतं. इथं उलटं होतं. फाइल हरवली की काम होणार. अर्ज आला होता श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी. साठावा दिवस येत्या शुक्रवारी भरत होता.

"यात फायदा कोणाचा?" साहेबांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "गौतमचंदचा. आणि कपाटाची किल्ली कोणाकडे? बद्रीनाथकडे. मी पोलिसांना फोन करतो."

त्यांनी रिसीव्हर उचलला तेवढ्यात दार ढकलून नंदाबाई आत आल्या.

"साहेब, फोन खाली ठिवा," त्या म्हणाल्या. "त्या फाइलीवर पहिला शिक्का माझा हाय. शुक्रवारपर्यंत मला शोधू द्या."

२

नंदाबाई आमच्या आवक-जावक लिपिक. नवरा पाणीपुरवठ्यात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागल्या. चौदा वर्षं गावातला प्रत्येक अर्ज त्यांच्या शिक्क्याखालून गेला होता. कुणाचं घर पडलं, कुणी भिंत सरकवली, कुणाच्या भावकीत फाटलं, हे गावाच्या आधी त्यांना कळायचं. चौकशी करायची त्यांची रीत अशी की विचारायचं घरच्यांविषयी आणि मग गप्प बसायचं. समोरचा ती शांतता भरून काढायला जे बोलतो ते ऐकायचं. वकिली करून मला हे कधी जमलं नाही, कारण गप्प बसण्याची फी कुणी देत नाही.

आम्ही बांधकाम विभागात बसलो. लिपिक बद्रीनाथ घामानं ओला झाला होता.

"फाइल कपाटातच होती, वकीलसाहेब. मी कुलूप लावून गेल्तो. आईशप्पत."

कुलूप शाबूत होतं. कपाटात तेरा फाइली होत्या आणि प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर हळद-कुंकवाचं बोट उमटलं होतं. मागच्या शुक्रवारी खंडेनवमी झाली होती. आमच्याकडे त्या दिवशी कचेरीची सगळी हत्यारं पूजतात. रोड रोलर, टाइपरायटर, चालू फाइली आणि निजामाच्या काळातला एक पितळी शिक्का, ज्याचा उपयोग कुणालाच माहीत नाही पण ज्याच्याशिवाय पूजा होत नाही. शिपाई भिवा हे सगळं व्हरांड्यातल्या लांब टेबलावर मांडतो आणि स्वतः दारात बसून झेंडूचे हार ओवतो.

"भिवा," नंदाबाईंनी हाक मारली, "बांधकामच्या किती फाइली पूजल्या?"

"चौदा," भिवा दारातूनच म्हणाला. "एकेकीला बोट लावलं. किशनलाल बिल्डिंगची सगळ्यात जाड, तिच्यात नकाशा घडी घालून ठिवला होता. तिला दोन बोटं लावली. मोठी फाइल, मोठा मान."

"आन् पूजेनंतर कपाटात कोनी ठिवल्या?"

भिवानं बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथनं खिडकीबाहेर पाहिलं.

"सासुरवाडी जाफराबादची ना तुमची?" नंदाबाईंनी सहज विचारलं. "दसऱ्याला गेल्ते का?"

आणि त्या गप्प बसल्या. बद्रीनाथ थोडा वेळ टिकला.

"गेल्तो," तो शेवटी म्हणाला. "जीप भरून निघाली होती, बाई. आरती व्हायच्या आधीच पळालो. किल्ली भिवाला दिली अन् म्हनलं, फाइली ठिवून दे. मीच कुलूप लावलं असं खोटं बोललो. नौकरी जाईल म्हनून."

"म्या ठिवल्या," भिवा म्हणाला. "प्रसाद वाटून झाल्यावर. मोजल्या मात्र न्हाई."

म्हणजे फाइल कपाटातून गेलीच नव्हती. ती पूजेच्या टेबलावरून गेली होती.

तेवढ्यात डबे आले. द्वारकाबाई रोज दुपारी कचेरीत सहा जणांना जेवण पुरवायच्या. साठीच्या, बुटक्या, पायानं अधू. डब्याचं फडकं अशा करकचून बांधायच्या की चारी टोकांचे दोन ताठ कान वर उभे राहायचे आणि गाठ माझ्या दातांनाही दाद द्यायची नाही. नंदाबाई तेवढ्या उजवा कान धरून एक हिसका द्यायच्या आणि गाठ सुटायची. मला ते आजवर जमलेलं नाही.

"फाइल गेली म्हनत्यात," द्वारकाबाई ताट मांडता मांडता म्हणाल्या. सगळ्या गावाला कळलं होतं, त्यांना कळण्यात नवल नव्हतं. त्या स्वतः किशनलाल बिल्डिंगमध्येच राहायच्या. "मंग आता ते काम थांबलं म्हनायचं ना, वकीलसाहेब?"

माझ्या तोंडात घास होता. साठ दिवसांचं कलम एका बाईला जेवताना कुठं समजावून सांगायचं, म्हणून मी नुसती होकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

द्वारकाबाई गेल्यावर बद्रीनाथ हळहळला, "मावशीचं वाईट वाटतं. नव्या नकाशात त्यांची खोलीच न्हाई. जिन्याखालची मोकळी जागा असं लिहून तिथं स्कूटर उभ्या केल्यात. नकाशा टेबलावर पसरला होता तवा मीच दाखवलं त्यांना."

"आन् ओव्हरसियरनं अहवालात काय लिहिलं?" नंदाबाईंनी विचारलं.

"वाचला कोनी? आला तसा टॅगला लावला."

नंदाबाईंनी कपाळाला हात लावला. फाइलीत काय आहे हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

३

गौतमचंद दसऱ्यानंतर रोज येत होता. सोमवारी आला, मंगळवारी दोनदा आला. "वकीलसाब, मेरी फाइल किधर है? चप्पल घासून राह्यली माझी," असं व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा.

बुधवारी मात्र तो आलाच नाही.

"बघा," साहेब म्हणाले. "काम फत्ते झालं, आता कशाला येईल?" त्यांचा हात पुन्हा फोनकडे गेला. नंदाबाईंनी मला उठवलं आणि आम्ही त्याच्या दुकानात गेलो.

बियाण्यांच्या पिशव्यांमध्ये गौतमचंद गादीवर बसला होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला. त्यानं चहा सांगितला, स्वतः घेतला नाही आणि नंदाबाईंच्या नजरेला नजरही दिली नाही.

"आई कशी हाय?" नंदाबाईंनी विचारलं आणि गप्प बसल्या.

आतल्या दारात सायरबाई उभ्या होत्या, गौतमचंदच्या आई. त्यांनीच शांतता मोडली. "गौतम, बाईंना खरं सांग. कालपासून तू नीट जेवला नाहीस."

"क्या बोलूं?" गौतमचंद कळवळून म्हणाला. "काल संध्याकाळी जालन्याला फोन केला. वकिलाला म्हनलं, फाइल खो गई, माझे दोन महिने पाण्यात गेले. तो हसाया लागला. म्हने शुक्रवारपर्यंत नगरपालिकेचं तोंड पाहू नको, परवानगी आपोआप भेटती. बिलकुल घरी बस म्हने. मी चोरी नाही केली, नंदाबाई. पण गप्प बसून राह्यलो हे खरं हाय. भाऊ वाटणीसाठी रोज भांडून राह्यले, मंग मी काय करू?"

"द्वारका कुठं जाईल, ते विचार की बाईंना," सायरबाई म्हणाल्या.

"नकाशात असंल ना तिची खोली," गौतमचंद म्हणाला. "तो जालन्याच्या माणसानं काढला, मी सही केली." नंदाबाई चहाचा कप ठेवून उठल्या.

रस्त्यात मी म्हणालो, "मला वाटतं, साहेबांचं बरोबर आहे. त्याला सगळं माहीत आहे."

"कालपासून माहीत हाय. आधी न्हाई," त्या म्हणाल्या. "साठ दिवसाचं माहीत असतं तर सोमवारी बोंबलत कशाला आला असता? ज्याला फाइल दडवून फायदा करून घ्यायचा तो फाइलीचं नाव काढीत न्हाई. खंडेनवमीला ह्याला साठ दिवसाचं काहीच ठाऊक नव्हतं. बद्रीनाथबी न्हाई, त्याला तर जीप पकडायची घाई होती."

"मग कुणी नेली?"

"नेली असं तुम्ही म्हनून राह्यले. भिवा दिवसभर दारात हार ओवीत बसला होता. एवढी जाड फाइल, वर दोन बोटं कुंकू, ती काखेत मारून कोनी बाहेर गेलं असतं तर त्यानं पाह्यलं असतं. फाइल कचेरीतच हाय, वकीलसाहेब."

"पण मंगळवारी आपण सगळी कपाटं पाहिली."

"कपाटं पाह्यली," नंदाबाई म्हणाल्या आणि रस्त्याच्या मधोमध थांबल्या. "तो पितळी शिक्का वर्षभर कुठं असतो?"

तो रेकॉर्ड रूममध्ये असतो. खंडेनवमीला ती खोली अर्धा दिवस सताड उघडी होती.

४

गुरुवारी सकाळी कचेरी भरायच्या आधी आम्ही रेकॉर्ड रूम उघडली. नंदाबाईंनी किल्ली भिवाकडून मागून घेतली आणि त्याला झाडलोटीला पाठवून दिलं. मला त्याचं कारण तेव्हा कळलं नाही.

जुनी कागदपत्रं आमच्याकडे मांजरपाटाच्या रुमालांत बांधून ठेवतात. रुमालाची चारी टोकं आत दुमडायची, वरून फीत तीनदा फिरवायची आणि फितीचं टोक आत खोचायचं. निजामाच्या कचेरीपासून हीच पद्धत आहे. भिवाला त्याच्या बापानं शिकवली आणि झोपेतही त्याचा हात वेगळी गाठ घालणार नाही. मांडण्यांवर असे तीनेकशे गठ्ठे होते, सगळे धुळीनं एकाच रंगाचे झालेले.

"एकेक सोडून पाहायचा तर दिवाळी उजाडेल," मी म्हणालो.

"सोडायचा कशाला? कुंकू शोधा. भिवानं ओलं कुंकू लावलं होतं, दोन बोटं. ते कापडातून फुटल्याशिवाय राहनार न्हाई."

मी डोळे ताणून वरच्या मांडण्या पाहत होतो. नंदाबाई वाकून सगळ्यात खालची पाहत होत्या. दोनच मिनिटांत त्यांनी हाक मारली.

खालच्या मांडणीच्या कोपऱ्यात १९७८ सालचा पाणीपट्टीचा गठ्ठा होता. त्याच्या मळकट कापडावर आतून फुटलेला एक लालसर डाग होता. मी हात पुढं केला, तोच नंदाबाईंनी माझं मनगट धरलं.

"आधी गाठ बघा," त्या हळू म्हणाल्या.

फीत सुटून बाजूला लोंबत होती. तिचा उपयोगच केलेला नव्हता. रुमालाची टोकं तिरपी एकमेकांवर घेऊन करकचून बांधली होती आणि वर दोन ताठ कान उभे होते.

भिवाला झाडलोटीला का पाठवलं ते मला आता कळलं. ती गाठ मी रोज दुपारी पाहत होतो, रोज तिच्यापुढं हार खात होतो.

नंदाबाईंनी उजवा कान धरून एक हिसका दिला. गाठ सुटली. आत, पाणीपट्टीच्या पावत्यांवर, किशनलाल बिल्डिंगची फाइल अलगद ठेवलेली होती. एकही पान दुमडलेलं नव्हतं.

"पण हे कसं शक्य आहे?" मी म्हणालो. "फाइल गेली तर सगळ्यात आधी तिचंच घर जाणार."

"तुम्हाला माहीत हाय, मला माहीत हाय. तिला कोनी सांगितलं? आपल्या गावात काम थांबवायचं असलं तर लोक काय करतात? फाइल गायब करतात. तिनं डबे पोचवताना आजवर हेच ऐकलं. मंगळवारी तिनं तुम्हाला बराबर विचारलं होतं, काम थांबलं ना म्हनून. तुम्ही मान हलवली."

मी खाली पाहिलं. नंदाबाईंनी फाइल उघडली, मागचं पान काढलं आणि ओव्हरसियरचा अहवाल वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

मग त्यांनी १९७८चा रुमाल पुन्हा बांधायला घेतला. टोकं आत दुमडली, फीत तीनदा फिरवली आणि शेवट आत खोचला. मी वकील आहे. पुरावा माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा होत होता आणि मी गठ्ठा नीट बसावा म्हणून त्यावर बोट दाबून धरलं होतं.

५

साहेबांना फाइल दिली. ते नकाराचा आदेश लिहायला बसले आणि मी सांगेन तसं लिहीत गेले. दुपारी डबे घेऊन द्वारकाबाई आल्या नाहीत, शेजारणीच्या हाती पाठवले. संध्याकाळी पाच वाजता रिकामा डबा आणि घडी घातलेलं फडकं घेऊन नंदाबाई किशनलाल बिल्डिंगला गेल्या. मी मागोमाग.

जिन्याखाली दार होतं. आत तिरपं छत, उभं राहायचं तर दाराशीच. एक चूल, धुरानं काळी पडलेली दोन पातेली, भिंतीवर देवाचा फोटो आणि कोपऱ्यात पापडाची पोळपाटं. डोक्यावरून कुणी जिना चढला की छत धपधप वाजायचं.

"मावशी," नंदाबाई खाली बसत म्हणाल्या, "दप्तराला अशी गाठ नसती बांधीत."

द्वारकाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. थोडा वेळ वरून पावलं वाजत राहिली.

"म्या चोरी न्हाई केली," त्या म्हणाल्या. "बाहेर नेली असती तर चोरी. पूजेच्या दिशी डबे घिऊन आले तवा तुमचीच वस्तू तुमच्याच घरात ठिवली. पानबी दुमडू दिलं न्हाई. माझा मालक किशनलाल शेठच्या जिनिंगात हमाल होता, कापसाची गठाण अंगावर पडून गेला. तवा शेठनं ही जागा दिली. एकोनीस वर्सं झाली. आन् बद्रीनाथ म्हने, मावशी, तुमची खोली कागदात न्हाई. म्या म्हनलं, मंग तो कागदच नको."

नंदाबाईंनी साठ दिवसांचं कलम सांगितलं. अगदी साधं करून सांगितलं. फाइल मिळाली नसती तर उद्या संध्याकाळी काय झालं असतं तेही सांगितलं.

द्वारकाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजी म्या माझ्याच हातानं..." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पन तुम्ही तर हाव म्हनले होते."

"चुकलं माझं, मावशी," मी म्हणालो.

नंदाबाईंनी पर्समधून कागद काढला. अहवालाची नक्कल त्यांनी दुपारी स्वतःच्या अक्षरात करून घेतली होती. त्यांनी वाचून दाखवलं:

"नकाशात जिन्याखाली मोकळी जागा दाखवली आहे. प्रत्यक्ष पाहणी केली असता तेथे मोकळी जागा नाही. तेथे चूल आहे. एक महिला एकोणीस वर्षांपासून राहते. तिची खोली नकाशात दाखवल्याशिवाय आणि दुसरा जिना बांधल्याशिवाय परवानगी देऊ नये."

"पुन्यांदा वाचा," द्वारकाबाई म्हणाल्या.

नंदाबाईंनी पुन्हा वाचलं.

"चूल लिहिली? माझी चूल?"

"हाव. सरकारी कागदात."

द्वारकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आजवर जो कागद आला तो मला उठवायला आला, बाई. कागदात माझ्या बाजूनं कोनी काही लिहिलं असंल, असं मला कधी वाटलंच न्हाई."

मला तिथं बसवेना. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो, मग लक्षात आलं की खाली तिचं छत आहे, म्हणून उठून उभा राहिलो.

६

शुक्रवारी दुपारी भिवा आदेश घेऊन सायकलवर निघाला. गौतमचंदनं घेतला नाही तर पंचनामा करून दारावर चिकटवायची तयारी आम्ही ठेवली होती. खळ सुद्धा शिजवून घेतली होती. पण गौतमचंदनं कागद घेतला, सही केली आणि तसाच भिवाच्या मागोमाग कचेरीत आला.

"परवानगी नाही भेटली," तो म्हणाला. वाटणी पुन्हा लांबली होती आणि जालन्याचा वकील फोनवर त्याला नको ते बोलला होता. तरी त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं मला उतरल्यासारखं दिसलं. "वकीलसाब, ती खोली माझ्या बापानं दिली होती. मी नकाशा न पाहता सही ठोकली. नवीन नकाशा काढायला सांगतो. जिना बी बांधतो. तुमचा तो अधिकार आहे का नाही, हे कोर्टात भांडायला माझ्याकडे टाइम नाही."

अधिकाराचा प्रश्न असा सुटला. मी त्यावर चाळीस पानांची तयारी केली होती, ती अजून घरी पडून आहे.

राहिला एक प्रश्न. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, फाइल गेली कशी आणि सापडली कशी? बद्रीनाथ पांढरा पडून उभा होता. भिवा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. नंदाबाईंनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, "खंडेनवमीच्या दिवशी आवक-जावक लिपिकाच्या नजरचुकीने सदर फाइल जुन्या दप्तरात बांधली गेली."

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी मान हलवली नाही, वर पंखा पाहत बसलो. नंदाबाईंच्या सर्व्हिस बुकात लेखी ताकीद चढली. चौदा वर्षांतली पहिली.

"कशाला घेतलंत अंगावर?" मी नंतर विचारलं.

"मालक गेले तवा मला ह्या कचेरीनं खुर्ची दिली," त्या म्हणाल्या. "तिला जिन्याखालची जागा मिळाली. फरक फक्त शिक्क्याचा हाय, वकीलसाहेब."

नवा नकाशा पौषात आला. जिन्याखाली एक लहानसा चौकोन होता आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'निवासी खोली, क्रमांक १'. मागच्या बाजूला दुसरा जिना होता. या वेळी परवानगी साठ दिवसांच्या आत, लेखी गेली. खोल्या विकल्या गेल्या तेव्हा गौतमचंदनं ती एक तशीच द्वारकाबाईंच्या नावावर केली. सायरबाईंनी ते करून घेतलं असं गाव म्हणतं.

पुढच्या खंडेनवमीला भिवानं नेहमीसारखं टेबल मांडलं. टाइपरायटर, पितळी शिक्का, चालू फाइली. डबे ठेवून द्वारकाबाई निघाल्या नाहीत. टेबलाशी घुटमळत उभ्या राहिल्या.

"किशनलाल बिल्डिंगची फाइल कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"ती आता जुनी झाली, मावशी. काम संपलं. आता दप्तरात जाईल," बद्रीनाथ म्हणाला.

"जाऊ द्या. पन जायच्या आधी तिला कुंकू लावू का? मागच्या बारीला भिवानं लावलं, म्या काही लावलं न्हाई."

सगळे नंदाबाईंकडे पाहू लागले. नंदाबाई उठल्या. कपाटातून फाइल काढून त्यांनी टेबलावर ठेवली, शेजारी कोरा रुमाल आणि फीत ठेवली.

"लावा," त्या म्हणाल्या. "गाठ मात्र मी बांधते."